संतांचे आत्मदोषकथन

काही वर्षांपूर्वी सीमाभागातील एका मराठी शाळेत नववीच्या वर्गाचा पाठ ऐकण्याचा योग आम्हांस आला. पाठ तुकोबांच्या अभंगांचा होता. स्वतःस पतित आणि अपराधी म्हणवून घेणारा एक अभंग शिक्षकांनी वाचला व नेहमीच्या रीतीने त्याचा खुलासा केला : हा संतांचा विनय होय, फळांनी लगडलेला वृक्ष जसा खाली वाकतो तसा. तोच मागल्या बाकावरील एक मुलगा उठला आणि म्हणाला, "गुरुजी, आपण तसे नाही हे तुकाराम महाराजांना ठाऊक होते ना? मग ते देवासमोर खोटे का बोलले?" वर्ग हसला. गुरुजींनीही हसून वेळ मारून नेली. आम्हांस मात्र हसू आले नाही. कारण संतवाङ्मय शिकविण्यात आमची स्वतःची जी वर्षे गेली त्यांत हा प्रश्न आम्हांस कोणी विचारला नव्हता, आणि खरे सांगावयाचे तर आम्हीही तो स्वतःस कधी विचारला नव्हता.

मुलाचा तर्क बिनतोड आहे. संत सत्यवादी होते असे आपण मानतो. संत स्वतःस दोषी म्हणतात. ते दोषी नव्हते असेही आपण म्हणतो. या तीन विधानांपैकी एक सोडावेच लागते. आपली अध्यापनाची परंपरा तिन्ही सांभाळू पाहते व त्यासाठी विनय हा शब्द पुढे करते. या सोयीच्या शब्दाने मराठी वाङ्मयातील एक फार मोठा ऐवज कसा झाकला गेला आहे, ते प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

विनयाचा संकेत आपल्या साहित्यात नाही असे नव्हे. कालिदासाने रघुवंशाच्या आरंभी स्वतःची गणना उंचावरच्या फळासाठी हात उंचावणाऱ्या खुजा माणसात केली. ज्ञानेश्वरांनी चोचीने समुद्र मोजू पाहणाऱ्या टिटवीची उपमा स्वतःस लावून घेतली. हा ग्रंथकाराचा विनय होय. तो आपल्या सामर्थ्याविषयी बोलतो, आपल्या वर्तनाविषयी नाही. 'हे काम माझ्या आवाक्याबाहेरचे आहे' असे म्हणणे वेगळे, आणि 'लोक माझ्या पाया पडतात, पण माझे मन कोठे भटकते ते मलाच ठाऊक' असे म्हणणे वेगळे. दुसऱ्या प्रकारचे बोलणे संकेतातून निघत नाही. त्याला तपशील असतो, आणि विनयाला तपशिलाची गरज नसते.

वारकरी परंपरेने हा तपशील आपल्या सर्वांत लाडक्या संतांविषयीही जपून ठेवला आहे, ही गोष्ट विलक्षण म्हटली पाहिजे. नामदेवांचे उदाहरण घ्या. देव ज्यांच्या हातचा नैवेद्य खातो, त्या नामदेवांची परीक्षा तेरच्या गोरा कुंभाराने थापटण्याने डोकी थापटून घेतली, आणि सर्व संतमंडळीत कच्चे मडके ठरले ते नामदेवच. ते रागावले, रडले, विठ्ठलाकडे गाऱ्हाणे घेऊन गेले. आणि शेवटी औंढ्याच्या देवळात विसोबा खेचरांपाशी त्यांना जावेच लागले. परंपरेला ही कथा गाळता आली असती. तिने ती गाळली नाही, उलट कीर्तनात रंगवून सांगितली.

याहून अवघड कथा दुसरी आहे. नामदेव तरुणपणी वाटमाऱ्यांच्या टोळीत होते, त्यांच्या हातून अनेक घोडेस्वार मारले गेले, आणि त्या हत्यांनी विधवा झालेल्या एका स्त्रीचे भुकेले मूल व तिचे बोलणे औंढ्याच्या देवळापाशी कानी पडल्यावर त्यांना पश्चात्ताप झाला, अशी ती हकीकत. मॅकॉलिफ याने १९०९ साली प्रसिद्ध केलेल्या 'द सिख रिलिजन' या ग्रंथात ती दिली आहे. आपल्याकडील अनेक अभ्यासकांनी तिला प्रक्षिप्त ठरविले. नामदेव नावाचे कवी एकाहून अधिक झाले, विष्णुदास नामा वेगळा, हे सर्व आम्हांस मान्य आहे आणि कथा ऐतिहासिक आहे असा आमचा आग्रह नाही. परंतु ती खोडून काढताना काही लेखण्यांना जो वेग येतो तो केवळ पुराव्यामुळे येत नाही, असे आम्हांस नेहमी वाटत आले आहे. वाल्या कोळ्याचा वाल्मीकी झालेला आपल्याला चालतो, कारण तो फार दूरच्या युगातला. आपल्या घरचा, शिंप्याच्या दुकानातला, अंगाखांद्यावर खेळलेला नामदेव मात्र जन्मापासून निर्मळच असावा लागतो.

आता तुकोबांकडे वळू. कारण या प्रकरणाचा गाभा तेथेच आहे.

१६३० ते १६३२ या काळात दख्खन व गुजरात यांवर जो दुष्काळ कोसळला त्याचे वर्णन शहाजहानच्या दरबारी इतिहासकाराने, अब्दुल हमीद लाहोरीने, 'पादशाहनाम्या'त करून ठेवले आहे. अन्नाच्या एका घासासाठी माणसे काय काय विकावयास निघाली हे तेथे वाचताना अंगावर काटा उभा राहतो. देहूच्या मोरे घराण्याकडे महाजनकी होती, सावकारी होती, दुकान होते. या दुष्काळात ते दुकान बसले, दिवाळे निघाले, आणि वाण्याच्या घरची थोरली सून, तुकोबांची प्रथम पत्नी, अन्नावाचून गेली. पाठोपाठ मुलगाही गेला. तुकोबांनी आपल्या आत्मचरित्रपर अभंगात हे सांगितले आहे, आणि सांगण्याची रीत ध्यानात घेण्यासारखी आहे. आपण जातीने कोण, धंदा कोणता केला, तो कसा बुडाला, बायको अन्न अन्न करीत कशी गेली, आपणास लाज कशी वाटली, मोडके देऊळ कसे उभे केले, एकादशीला कीर्तन करू लागलो तेव्हा आरंभी मन कसे लागत नव्हते, संतांची वचने कशी पाठ केली, हे सर्व एखाद्या साक्षीदाराने चावडीत उभे राहून सांगावे तसे ते सांगतात. त्यात रडणे नाही. आपण तेव्हा फार थोर होतो, असाही सूर नाही.

गाथ्यात आणखी एक अभंग आहे, ज्याकडे शिक्षक सहसा फिरकत नाहीत. त्यात दिवाळे निघाले हे बरे झाले, दुष्काळाने पीडिले हे बरे झाले, लोकांत अपमान झाला, गुरेढोरे गेली, बायको कर्कशा मिळाली हेही बरे झाले, असा हिशेब मांडलेला आहे. या सर्वांमुळे देवाची आठवण राहिली, असे कारण दिलेले आहे. त्याहून कठोर असा एक अभंग आहे. त्यात बाप, बायको, पोर व आई यांच्या मरणाची नोंद एकामागून एक येते, आणि प्रत्येक मरणाला 'सुटलो' अशा अर्थाचा शेरा मारलेला आहे. पाठ्यपुस्तकात हा अभंग कधी आल्याचे आम्हांस स्मरत नाही, आणि तो तेथे नसावा हे समजण्यासारखे आहे. भुकेने मेलेल्या बायकोविषयी कोणी 'सुटली' आणि पोराविषयी 'बरे झाले' म्हणतो, त्याला आपण काय म्हणावे?

भक्तिमार्गी टीकाकार म्हणतात, हे वैराग्य. आधुनिक वाचक म्हणतो, हे निष्ठुरपण. आम्हांस दोन्ही उत्तरे घाईची वाटतात. मराठी माणूस दुःखाच्या प्रसंगी 'सुटला बिचारा' असे म्हणतो तेव्हा त्याच्या मनात नेमके काय असते? मेलेल्याचे दुःख असते, आणि त्याच वेळी जिवंत राहिलेल्याची सुटकाही असते. ही दुसरी भावना उघड बोलावयाची नसते. घरात दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेले माणूस गेल्यावर जो निःश्वास बाहेर पडतो त्याची लाज प्रत्येक घराला ठाऊक आहे, आणि प्रत्येक घर ती पदराखाली झाकते. तुकोबांनी ती झाकली नाही. आपण सुटलो असे आपणास वाटले, ही गोष्ट त्यांनी विठ्ठलासमोर मांडली; आणि गाथा कीर्तनात गायिली जात असल्यामुळे गावासमोरही मांडली. सावकारीच्या कागदांपैकी आपल्या वाट्याचे कागद त्यांनी इंद्रायणीत बुडविले, ही हकीकत महिपतीने आवडीने सांगितली आहे. ते कागद बुडविणे सोपे होते, असे आम्हांस वाटते. हे दुसरे कागद त्यांनी बुडविले नाहीत.

'पदरी पडले, पवित्र झाले' अशी म्हण आपल्याकडे आहे. ती बहुधा हताशपणे, कधी थट्टेने वापरली जाते. परंतु तिच्यात एक निराळी रीत दडलेली आहे. जे पदरी पडले ते चांगले होते असे ती म्हणत नाही. ते पदरात घेतल्याने पवित्र झाले, असे म्हणते. पवित्र होण्याची क्रिया घेण्यात आहे. तुकोबांचा तो हिशेब या रीतीचा आहे.

येथे एक आक्षेप आम्हीच आमच्याविरुद्ध उभा करतो, कारण तो उभा केल्यावाचून हे विवेचन खरे होणार नाही. आपल्या धर्मग्रंथांत कामक्रोधादि सहा विकारांना रिपु म्हटले आहे, आणि रिपु हा मारावयाचा असतो, कुरवाळावयाचा नसतो. तुकोबाही मनाशी चाललेल्या रात्रंदिवसाच्या लढाईची भाषा वापरतात. मग दोष पदरात घेण्याची गोष्ट त्यांच्यावर लादलेली नव्हे काय? आमचे उत्तर असे की, शत्रूशी लढण्यापूर्वी तो आपल्या घरात आहे हे कबूल करावे लागते. ज्याचा रिपु सदैव शेजाऱ्याच्या घरात असतो तो लढत नाही, नुसता ओरडतो. संतांनी दोषांना कवटाळले याचा अर्थ दोष चांगले ठरविले असा मुळीच नाही. 'हे माझे आहे' एवढे ते म्हणाले. समर्थ रामदासांनी २०५ श्लोक ज्या मनाला उद्देशून रचिले ते मन काही साधेसुधे नव्हते. परंतु त्याला हाक मारताना त्यांनी सज्जन हे विशेषण लावले. ज्याची खोड मोडावयाची त्याला आधी घरचा म्हणावयाचे, ही युक्ती शिक्षकांना अपरिचित नसावी.

मनाच्या या अंधाऱ्या भागाला आधुनिक मानसशास्त्राने छाया हे नाव दिले आहे. स्विस मानसशास्त्रज्ञ कार्ल गुस्ताव युंग (१८७५–१९६१) यांनी ही कल्पना मांडली आणि १९५१ च्या 'आयोन' या ग्रंथात तिच्यासाठी स्वतंत्र प्रकरण लिहिले. माणूस स्वतःविषयी जे मानू इच्छित नाही ते नाहीसे होत नाही, मागे अंधारात राहते, आणि बहुधा दुसऱ्याच्या अंगावर दिसू लागते, असे त्यांच्या म्हणण्याचे सार काढता येईल. जर्मन भाषेतला हा शब्द मराठीत आणताना थोडे थबकावे लागते. युंग थंड देशाचे. तेथे सावली म्हणजे अंधार व गारठा. आपल्याकडे चैत्रवैशाखात सावली म्हणजे जीव. आईबापांची सावली, गुरूंची सावली असे आपण म्हणतो, ते उगाच नव्हे. पुराणात सूर्याचे तेज न सोसून संज्ञा निघून गेली आणि आपल्या जागी छायेला ठेवून गेली. त्या छायेचा मुलगा शनी. त्या मुलाला आपण दर शनिवारी तेल वाहतो, पण घरातल्या देव्हाऱ्यात मात्र बसवीत नाही. युंगना ही गोष्ट आवडली असती.

ते भारतात आले होते. १९३७–३८ च्या हिवाळ्यात, कलकत्त्याच्या विज्ञान परिषदेच्या रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने, त्यांचा हा प्रवास झाला. कलकत्ता, बनारस व अलाहाबाद येथील विद्यापीठांनी त्यांना सन्मानाच्या पदव्या दिल्या. आपल्या आठवणींत त्यांनी सांचीविषयी आणि कोणार्कविषयी लिहिले आहे. साधुसंतांची भेट आपण जाणूनबुजून टाळली, हेही लिहिले आहे. भारतीय मनाविषयी त्यांचे मत असे झाले की, या मनाला बऱ्यावाइटाचा झगडा जिंकावयाचा नसतो, तर दोहोंच्या पलीकडे, निर्द्वंद्व अवस्थेत जावयाचे असते. वेदान्ताविषयी हे मत बरेचसे बरोबर आहे. परंतु देहूची वाट त्यांनी धरली असती तर निर्द्वंद्वाला ठामपणे नकार देणारा, मला तुझ्यापासून वेगळाच राहू दे असे देवाला सांगणारा, आणि आपला प्रत्येक दोष हातात धरून देवाशी भांडणारा एक वाणी त्यांना भेटला असता. भारतात असे काही असेल, असे त्यांच्या आठवणी वाचून वाटत नाही.

ज्या अलाहाबाद विद्यापीठाने युंग यांचा गौरव केला तेथेच त्या वर्षांत गुरुदेव रा. द. रानडे (१८८६–१९५७) तत्त्वज्ञानाचे अध्यापन करीत होते. जमखंडीचा जन्म, निंबाळची साधना. सीमाभागातील आम्हां मंडळींना त्यांच्याविषयी जी आपुलकी वाटते ती सांगावयास नको. १९३३ साली प्रसिद्ध झालेल्या 'मिस्टिसिझम इन महाराष्ट्र' या आपल्या ग्रंथात तुकोबांच्या आत्मदोषकथनाला विनय म्हणून न उडविता त्यांनी त्याचा गंभीरपणे विचार केला, हे त्यांचे मोठे ऋण होय. त्यासाठी त्यांनी स्पेनमधील संत योहान याची 'आत्म्याची काळरात्र' ही कल्पना घेतली. हा योहान (१५४२–१५९१) आपल्या एकनाथांचा समकालीन. त्याच्याच पंथबंधूंनी त्याला १५७७ साली तोलेदो येथे कोंडून ठेवले होते. देव दिसेनासा होतो, साधक तळमळतो, आणि त्या रात्रीनंतर उजाडते, असा हा क्रम. रानडे यांनी तुकोबांच्या अभंगांची मांडणी या क्रमाने केली : आधी साधना, मग काळरात्र, मग साक्षात्काराचा आनंद.

गुरुदेवांविषयी पूर्ण आदर राखून आम्हांस येथे मतभेद नोंदवावा लागतो. गाथ्याला हा क्रम नाही. तुकोबांच्या अभंगांवर तिथी नाहीत. देहूची वही, संताजी तेली जगनाडे यांच्या वह्या, फडाफडांवरील संग्रह यांत अभंगांचा अनुक्रम एकसारखा नाही. मुंबई सरकारच्या आश्रयाने विष्णु परशुरामशास्त्री पंडित व शंकर पांडुरंग पंडित यांनी १८६९ व १८७३ साली दोन भागांत जी आवृत्ती सिद्ध केली तीत साडेचार हजारांवर अभंग आहेत, पण तीही कालक्रमाने लावलेली नाही. सारांश, दोषकथनाचे अभंग आधीचे आणि आनंदाचे नंतरचे, हे आपण लावलेले आहे. आपल्याला तसे असावेसे वाटते, कारण रात्र संपून एकदाची सकाळ झालेली आपल्याला हवी असते. गाथा जशी हाती येते तशी वाचली तर आनंद आणि अपराध शेजारी शेजारी बसलेले दिसतात, एकाच पंगतीत. तुकोबांना साक्षात्कार झाला नाही असे आम्ही म्हणत नाही. साक्षात्कारानंतर दोष दिसेनासे झाले असे मानण्यास पुरावा नाही, एवढेच म्हणतो. उजेड वाढला तर सावली अधिक काळी दिसते, हा तर रोजचा अनुभव आहे.

तुकोबांच्या शिष्या बहिणाबाई (१६२८–१७००) यांच्या आत्मनिवेदनात हेच आणखी उघडपणे दिसते. देवगावच्या ब्राह्मण कुळातली ही मुलगी तीन वर्षांची असताना तिशीच्या बिजवराला दिली गेली. शूद्र गुरूच्या कीर्तनाचा ध्यास घेतला म्हणून नवऱ्याने मारले, बांधून घातले, सोडून जाण्याची तयारी केली. हे सर्व त्यांनी स्वतः सांगितले आहे. वेद आणि पुराणे स्त्रीजन्माला हीन म्हणतात, मग मी स्त्रीने काय करावे, ही त्यांची तक्रार आहे. आणि त्याच लेखणीने त्यांनी पतिव्रतेचा धर्मही आवर्जून सांगितला आहे. आजचा वाचक या दोहोंपैकी एक बहिणाबाई खरी व दुसरी परिस्थितीने लादलेली ठरवू पाहतो. आम्हांस वाटते, दोन्ही एकाच घरात नांदत होत्या आणि त्यांपैकी एकीला घराबाहेर काढणे बहिणाबाईंना प्रामाणिक वाटले नाही.

एवढ्यावर हा लेख थांबविता आला असता. परंतु सावली या शब्दाला आपल्या इतिहासात आणखी एक अर्थ आहे, आणि तो टाळून पुढे जाणे हा अप्रामाणिकपणा होईल.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' या भाषणात पेशवाईतील स्थितीचे वर्णन केले आहे : अस्पृश्याची सावली पडून सवर्णाला विटाळ होऊ नये म्हणून सवर्ण येत असता त्याला सार्वजनिक रस्त्यावर येण्याची मनाई होती. वृक्षाच्या सावलीसाठी आसुसलेला हा देश माणसाच्या सावलीला भीत होता. युंग ज्याला मनातील छाया म्हणतात ती दुसऱ्याच्या अंगावर टाकण्याची क्रिया इतक्या शब्दशः अन्यत्र कोठे झाली असेल, असे आम्हांस वाटत नाही. समाजाने आपली सर्व मलिनता काही माणसांच्या वाट्यास दिली आणि मग त्यांच्या सावलीपासून अंग चोरले.

चोखोबांचे अभंग वाचताना म्हणून मन द्विधा होते. मागील जन्मी कृष्णाची निंदा केली म्हणून या जन्मी हे कूळ मिळाले, असे त्यांच्या नावावरील एका अभंगात आहे. हेही आत्मदोषकथनच. पण तुकोबांचे आणि हे एकाच तराजूत घालता येत नाही. तुकोबा ज्याची कबुली देतात ते त्यांच्या मनात घडलेले आहे. चोखोबा ज्याची कबुली देतात तो दोष दुसऱ्यांनी त्यांच्या माथी मारलेला आहे, आणि तो आपलाच समजून त्यांनी उचलला आहे. स्वतःची छाया पदरात घ्यावी हा उपदेश चोखोबांना करणे म्हणजे अन्यायावर पुन्हा एक ओझे ठेवणे होय. त्यांच्या घरातच हे ओळखणारे होते. त्यांची पत्नी सोयराबाई विचारते की, विटाळ देहातच आहे आणि देह तर सर्वांचाच विटाळातून जन्मतो, मग शुद्ध तो कोण? हा प्रश्न म्हणजे मागणी आहे : दुसऱ्यांनी टाकलेले ज्याचे त्याने परत न्यावे. मुलगा कर्ममेळा तर थेट देवालाच जाब विचारतो. बापाच्या वाट्याला गोडी आली असेल, मुलाच्या बोलण्यात ती नाही.

चोखोबा १३३८ साली मंगळवेढ्यास कुसू कोसळून त्याखाली गेले. नामदेवांनी अस्थी आणल्या आणि पंढरपूरच्या महाद्वारासमोर समाधी बांधली, मंदिरासमोर, मंदिराबाहेर. ते दार अस्पृश्यांना उघडावे म्हणून साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये तेथे उपोषण केले, म्हणजे मधे सहाशे नऊ वर्षे गेली. आंबेडकरांनी १९४८ साली 'द अनटचेबल्स' हा ग्रंथ नंदनार, रविदास व चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला. त्या संताविषयीचा आदर त्यांनी असा व्यक्त केला. त्याचा मार्ग मात्र त्यांनी धरला नाही, आणि १९५६ साली नागपूरला आपल्या अनुयायांसह वेगळी वाट घेतली.

या दोन सावल्यांची, मनातल्या आणि रस्त्यावरच्या, गाठ घालू पाहणारा आपल्या परंपरेतला पुरुष म्हणजे पैठणचे एकनाथ (१५३३–१५९९). भानुदासांचा पणतू, देवगिरीच्या जनार्दनस्वामींचा शिष्य, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध करणारा पंडित. या माणसाने भारुडे रचिली, आणि त्यांत आंधळा, बहिरा, कोल्हाटीण, कैकाडीण, मुरळी, जोशी अशी सोंगे उभी केली. महाराच्या मुखाने जोहार घालणारी भारुडे त्यांनी अनेक लिहिली. ही सोंगे कशासाठी, याचे ठरावीक उत्तर आहे : लोकांना रुचेल अशा रूपात वेदान्त सांगण्यासाठी. ते चूक नाही. काही टीकाकार पुढे जाऊन म्हणतात की, महाराच्या तोंडी ब्राह्मणाने आपलेच तत्त्वज्ञान घातले; यात महाराचा आवाज कोठे आहे? हा आक्षेपही आम्ही डावलीत नाही.

परंतु भारुड कसे सादर होते ते पाहावे. ते प्रथम पुरुषात बोलावयाचे असते. ज्याची सावली टाळावयाची त्याच्या भूमिकेत उभे राहून, त्याचा मुजरा घालून, 'मी' असे म्हणावयाचे असते. सोळाव्या शतकातील पैठणसारख्या धर्मपीठात एका ब्राह्मणाने हा 'मी' उच्चारावा ही लहान गोष्ट नव्हे. 'विंचू' या भारुडात कामक्रोधाचा दंश झालेला माणूस ओरडत सुटतो, तोही 'मी'च. दंश दुसऱ्याला झाल्याचे सांगून उपदेश करणे नाथांना अवघड नव्हते; चांगले प्रवचनकार तेच करतात. पितरांसाठी रांधलेले श्राद्धाचे अन्न त्यांनी दारी आलेल्या भुकेल्या अस्पृश्यांना वाढले आणि त्यापायी गावाचा रोष ओढवून घेतला, ही कथा परंपरेने सांगितली आहे. ती जशीच्या तशी घडली की नाही याचा निर्णय करता येत नाही. परंतु भारुडे लिहिणाऱ्या माणसाविषयी लोकांना हीच कथा सांगावीशी वाटली, यातही इतिहास आहे.

त्याच सुमारास गोव्यात आत्मदोषकथनाची एक अगदी निराळी रीत मराठीच्या दाराशी आली होती. फादर स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' राचोलला १६१६ साली छापले गेले, तेव्हा तुकोबा, प्रचलित जन्मसालाप्रमाणे, आठ वर्षांचे होते. त्याची दुसरी आवृत्ती १६४९ साली निघाली, म्हणजे तुकोबांचे शेवटचे दिवस. ओवीत बांधलेल्या त्या ग्रंथामागील धर्मात पापाची कबुली ठरल्या वेळी, धर्मगुरूच्या कानात, गुप्ततेच्या हमीने द्यावयाची असते, आणि ती दिल्यावर क्षमा मिळते. देहूच्या कबुलीला गुप्तता नव्हती, ठरलेली वेळ नव्हती आणि क्षमेचा शब्द उच्चारणारा कोणी नव्हता. टाळकरी मागे उभे असत आणि कबुलीचे धृपद उचलून धरीत. एका माणसाचा अपराध पन्नास माणसांनी चालीवर म्हणावयाचा, या व्यवस्थेचा अभ्यास आपल्या विद्यापीठांतून व्हावा तसा झालेला नाही. जो म्हणतो त्याचा तो अपराध होतो. निदान अभंग संपेपर्यंत होतो.

त्या शाळेतल्या पाठानंतर आम्ही त्या शिक्षकांशी बराच वेळ बोललो. ते मनाचे मोकळे होते. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी, आमच्या आग्रहाने आणि थोड्या नाखुशीने, दुष्काळाचा तो आत्मचरित्रपर अभंग वर्गात वाचला, आणि हा विनय आहे असे या खेपेस म्हणाले नाहीत. कोणी हसले नाही. मागल्या बाकावरच्या मुलाने पुन्हा हात वर केला. अन्नावाचून गेलेल्या त्या बाईचे नाव काय होते, असे त्याने विचारले. अभंगात ते नाही. गुरुजींनी आमच्याकडे पाहिले. रखमा, असे आम्ही सांगितले, आणि त्याने ते वहीत लिहून घेतले.